कोल्ड्रिंकची तारीख उलटली म्हणजे विष झालं?

सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'एक्सपायरी उलटली की कोल्ड्रिंकमधलं अ‍ॅसिड दुप्पट होतं, साखरेची दारू होते, बाटलीचं प्लास्टिक विरघळून कॅन्सर होतो. पिऊ नका, संडास धुवायला वापरा.' खाली हात जोडलेले आठ-दहा इमोजी.

अ‍ॅसिडपासून सुरुवात करू. कोलाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं पेय आंबट), बाटली भरल्या दिवशीच अडीचच्या आसपास असतो. फॅक्टरीत घातलं तेवढंच फॉस्फरिक अ‍ॅसिड आत राहतं. बंद बाटलीत जास्तीचं येणार कुठून? उलट गॅस हळूहळू निघून जातो, म्हणजे आंबटपणा बदललाच तर किंचित उतरतो. संडासाचं म्हणाल तर ताजा कोलाही तेवढंच काम करतो.

दारू व्हायला यीस्ट लागतं. आम्ल, गॅस आणि पेय टिकवायला घातलेलं सोडियम बेंझोएट या तिघांपुढे बहुतेक जंतूंचं काही चालत नाही. काही चिवट यीस्ट मात्र त्यांनाही दाद देत नाहीत. असं यीस्ट भरतानाच आत शिरलं असेल, तर तारखेच्या आधीही बाटली फुगते. फुगलेली, झिरपणारी बाटली किंवा गंजलेला कॅन सरळ टाकून द्या, तारीख बघत बसू नका.

प्लास्टिकच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण मेसेजवाल्याने चुकीचा आरोपी पकडलाय. कोल्ड्रिंकची बाटली ज्या 'पेट' (PET) प्लास्टिकची असते, ते विरघळत नाही. त्यातून अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अँटिमनी ही रसायनं अत्यल्प प्रमाणात पेयात उतरतात, आणि तापमान चढलं की जास्त उतरतात. उष्णतेचा हाच नियम बेंझिन या रसायनालाही लागू, फक्त ते बाटलीतून नाही, पेयातच तयार होतं. लेबलवर २११ म्हणजे सोडियम बेंझोएट आणि ३०० म्हणजे क जीवनसत्त्व हे दोन्ही आकडे असतील, तर उष्णता आणि उजेडात त्यांच्यापासून थोडं बेंझिन तयार होऊ शकतं. बेंझिन कर्करोगकारक आहे, यात वाद नाही. अमेरिकेत हा प्रकार १९९० च्या सुमारास लक्षात आला. २००५ नंतर तिथे पुन्हा तपासणी झाली, तेव्हा बहुतेक पेयांत ते नगण्य निघालं; ज्या थोड्या पेयांत जास्त सापडलं त्यांची कृती कंपन्यांनी बदलली. म्हणजे प्रश्न उन्हाचा आहे. एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला असताना टपरीबाहेर क्रेटमध्ये भाजत पडलेली, तारखेच्या आतली बाटली आणि घरातल्या अंधाऱ्या फडताळात राहून महिनाभर उलटलेली बाटली, या दोन्हींत मी दुसरी निवडेन.

मग तारीख असते कशासाठी? मुख्यतः चवीसाठी. पेटमधून गॅस झिरपतो, आणि छोट्या बाटलीतून लवकर, कारण आतल्या पेयाच्या मानाने तिचा पृष्ठभाग जास्त. कॅनमधून आणि काचेतून तो जवळजवळ जात नाही. पुण्याच्या कॅम्पातल्या अर्देशिर या सोडावाल्यांची रास्पबेरी काचेच्या बाटलीत मिळते, ती उगाच नाही. डाएट पेयांत तारखेला जास्त वजन आहे: ९५१ क्रमांकाचं, साखरेऐवजी गोडीसाठी घातलेलं अ‍ॅस्पार्टेम आम्लात हळूहळू तुटतं, उन्हाळ्यात भराभर, आणि गोडी जाते. त्याने विष होत नाही, पेय बेचव होतं. बिनगॅसची फळांच्या रसाची पेयं या हिशेबात धरू नका. तिथे गॅसचा पहारा नसतो.

ग्रुपवरच्या एका काकांनी मेसेजला उत्तर म्हणून दुसरं टोक गाठलं: 'तारीख म्हणजे कंपन्यांचा धंदा, बिनधास्त घ्या.' काका, घरात राहिलेल्या बाटलीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण दुकानदाराला ती मुभा नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार एक्सपायरी छापणं सक्तीचं आहे, आणि ती उलटलेला माल विकायचा नाही. कारणही रास्त आहे: बाटली कुठल्या गोदामात किती तापली हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. त्यामुळे गणपतीत वर्गणीच्या पैशातून स्वस्तात क्रेट उचलताना तारीख वाचा, आणि उलटलेली निघाली तर बिल व बॅच नंबरचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.