चिमणी ठेवली, बाकी विकलं

झालं, लोअर परळच्या आणखी एका टॉवरच्या जाहिरातीत ‘गिरणगावाचा वारसा’ झळकला! कसला वारसा हो? गिरणी पाडायची, चिमणी तेवढी ठेवायची, तिला जांभळे दिवे लावायचे आणि खाली चारशे रुपयांची कॉफी विकायची, हा?

लॉबीत काचेच्या पेटीत मागावरचा धोटा. वा! आणि साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, उभ्याने पाळी भरणारा माणूस कुठाय? १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्या वारसांना आता घर कुठे? शेलूला, वांगणीला! जमीन परळची, घर कर्जतच्या वाटेवर. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: शहराला, घरं बांधणाऱ्या सरकारी म्हाडाला, मालकाला. २००१ मध्ये हळूच ‘फक्त मोकळी जमीन’ असं घुसडलं, म्हणजे गिरणी उभी असलेली जमीन वाटणीतून बाहेर. संपली वाटणी! कलाकुसर म्हणतात ती हीच.

आणि कला? लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशे रंगायचे, शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ याच वस्तीत गाजले. शंभरी गाठलेलं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद. पण आर्ट फेस्टिव्हल मात्र दरवर्षी! तिकडे कोकणातल्या नमन-खेळेवाल्यांना बोलावतात? भजनी मंडळाला? छे. दिल्लीहून आलेला कोणी ‘इंडस्ट्रियल मेमरी’वर इंग्रजीत बोलतो, टाळ्या पडतात.

बरं, चाळीत भजन नऊच्या पुढे गेलं की पोलिसांना फोन कोण करतं? विसाव्या मजल्यावरचे हेच वारसाप्रेमी!