वाघनखी, डेव्हिल्स क्लॉ आणि आत्याचे गुडघे

परवा सकाळी साडेसातला आत्याचा फोन. "अरे, गौरीच्या वेळी जांभळी नाक्यावर ती लाल-पिवळी फुलं मिळतात ना, गौरीचे हात, त्याचा कंद उकळून किती प्यायचा? मेसेजमध्ये एक वाटी लिहिलंय, मी म्हटलं अर्धीपासून सुरू करू." मी म्हटलं, आत्या, तू आधी गॅस बंद कर, मग बोलू.

मेसेज तिला ठाण्यातल्या उपवनच्या मॉर्निंग वॉकवाल्या ग्रुपवर आलेला. तुमच्याकडेही फिरत आला असेल. थोडक्यात असा: परदेशी कंपन्या 'डेव्हिल्स क्लॉ' म्हणून हजारो रुपयांना विकतात ती म्हणजे आपली येऊरच्या जंगलात फुकट उगवणारी वाघनखी, ग्रंथांत हिलाच व्याघ्रनख म्हटलंय, महाराजांची वाघनखं हिच्याच रसात बुडवलेली होती, कंद उकळून 21 दिवस प्या, गुडघे नव्यासारखे. खाली कळलावीचा, म्हणजे त्याच गौरीच्या हातांचा, फोटो आणि पुढे पाठवण्याची विनंती.

आधी नावाचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. क्लॉ म्हणजे नख, वाघनखी म्हणजे वाघाचं नख, म्हणून झाड एकच, असं हे लॉजिक. अहो, इंग्रजीत मांजराचं नख पण क्लॉ, चिंबोरीची नांगी पण क्लॉ, खिळे उपटायच्या हातोडीचं दुभंगलेलं टोक पण क्लॉ, बायका केसाला लावतात तो चिमटा पण क्लॉ क्लिप. जे वाकडं आणि पकडतं ते क्लॉ. या न्यायाने हातोडी उकळून प्यायली तरी गुडघे बरे व्हायला हवेत.

खरी डेव्हिल्स क्लॉ कलहारीच्या वाळवंटात होते, नामिबिया, बोट्सवाना त्या बाजूला. कुळ तिळाचं. फळाला आकडे असतात म्हणून ते नाव, औषधात वापरतात ते जमिनीखालचं मूळ. आपल्याकडे वाघनखी किंवा विंचू म्हणतात ती वेगळीच, मूळची मेक्सिकोकडची, तिच्या वाळलेल्या फळाला दोन वाकडी नखं असतात, लहानपणी एकमेकांच्या शर्टाला अडकवायचो ती. तिलाही इंग्रजीत कधीकधी डेव्हिल्स क्लॉच म्हणतात. कॅट्स क्लॉ म्हणून कॅप्सूल मिळतात ती पेरू देशातली वेल, कदंबाच्या कुळातली. आणि फोटोतल्या कळलावीला इंग्रजीत टायगर क्लॉ असंही एक नाव आहे. म्हणजे कोणीतरी टायगर क्लॉ शोधलं, सुंदर फोटो मिळाला, चिकटवून दिला. एवढंच संशोधन.

आणि हाच फोटो जीव घेऊ शकतो. कळलावीत कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि कंदात ते भरपूर असतं. पोटात गेलं की काही तासांत उलट्या-जुलाब, माणसाला वाटतं बाहेरचं काही खाल्लं असेल, घरी इलेक्ट्रॉल पीत बसतो. मग एकेक अवयव बंद पडायला लागतो, रक्तातल्या पेशी कमी होतात. जे वाचतात त्यांचे आठ-पंधरा दिवसांनी केस गळतात. याच्यावर हाताशी ठेवलेला उतारा असा नाही. उकळलं की विष जातं हाही गैरसमज, श्रीलंकेत हा कंद रताळं समजून उकडून खाल्ल्यामुळे विषबाधा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी लिहून ठेवल्यात. आयुर्वेदात हिचं नाव लांगली, कंद नांगरासारखा वाकडा म्हणून, आणि तिथे ती उपविषांत मोजतात, शोधन, म्हणजे विष कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय वैद्य वापरत नाहीत. ज्या ग्रंथांची शपथ मेसेज घालतो तेच ग्रंथ हो.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. कोल्चिसिन हे खरंच औषध आहे, गाऊटसाठी, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी, डॉक्टर देतात, आणि तामिळनाडूत कळलावीची शेती होते, बिया निर्यात होतात. पण गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची, मोजून दिलेली. वाटीभर काढ्यात किती गेलं हे कोण मोजणार? आणि आत्याला गाऊट नाहीये, झीज आहे. डेव्हिल्स क्लॉचंही असंच. युरोपियन मेडिसिन्स एजन्सी तिला किरकोळ सांधेदुखीसाठी मान्यता देते, पण स्पष्ट लिहिते की ही मान्यता फक्त पूर्वापार वापराच्या आधारावर आहे, क्लिनिकल पुरावा पुरेसा नाही, आणि अल्सर असेल तर घेऊ नका. आत्याला अल्सरही होऊन गेलाय. म्हणजे खरी आणली असती तरी नकोच.

ग्रंथातलं व्याघ्रनख? तो शब्द आहे, पण सुगंधी द्रव्यांत. साधारणपणे समुद्री गोगलगायीच्या शंखाचं झाकण समजतात ते, धुपात घालतात. गोगलगाय आणि वेल यात फरक असतो.

महाराजांची वाघनखं पोलादी. रसात बुडवल्याचा पुरावा मेसेजवाल्याने द्यावा. 2024 मध्ये लंडनहून साताऱ्याला जी आली ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं लंडनचं म्युझियम स्वतःच सांगतं, आणि इथे लोकांना त्यावर कुठला रस होता तेही माहीत!

येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथून कंद उपटणं हा गुन्हा आहे, हे मात्र मेसेजमध्ये नाही.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर आत्या म्हणाली, "बरं, नाही पीत. पण माळ्याला दोनशे रुपये दिलेत, कुंडीत लावते, फूल छान असतं." घरात तीन वर्षांची नात आहे आणि ती माती खाते. रविवारी नौपाड्याला जाऊन तो कंद मी घेऊन येतोय, दोनशे रुपये मी देतो म्हटलं, तरी ती अजून तयार नाही.