२५२० : चमत्कार नाही, लसावि आहे

‘२५२० दिसायला साधी, पण १ ते १० या सगळ्यांनी पूर्ण भाग जाणारी जगातली एकमेव संख्या! गणितीही चक्रावले. गुपित असं: आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने = २५२०. हे कोडं उलगडलं श्रीनिवास रामानुजन यांनी.’

हा मेसेज अधूनमधून फिरून येतोच. त्यातला भागाकार बरोबर आहे, गुणाकारही. बाकीचं बघू.

‘एकमेव’ म्हणे. ५०४० ला भाग देऊन बघा. ७५६० ला बघा. २५२० ला कुठल्याही पूर्ण संख्येने गुणा, येणाऱ्या प्रत्येक संख्येला १ ते १० ने भाग जातोच. २५२० ही त्यांतली सगळ्यांत लहान, एवढंच. ती शोधायला कागदाचा कोपराही पुरतो. २ घ्या, ३ साठी तिपटीने ६. ४ ला आणखी एक २ लागतो: १२. ५ साठी ६०. ६ चं काम आधीच झालंय. ७ साठी ४२०. ८ ला अजून एक २, म्हणजे ८४०. ९ ला अजून एक ३, की झाले २५२०. १० फुकटात. शाळेत शिकलेला लसावि तो हाच. असाच पुढे २० पर्यंत जा, २३,२७,९२,५६० येतात, आणि तिथे २१ व २२ फुकटात मिळतात.

गणिती चक्रावले? लसावि कसा काढायचा हे ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारासच लिहून ठेवलंय.

आता ७ × ३० × १२. आठवड्याच्या दिवसांना वर्षाच्या दिवसांनी गुणून नेमकं काय मोजलं, ते मेसेज सांगत नाही. शिवाय वर्ष ३६० दिवसांचं नसतं. ३६५ म्हणजे ५ × ७३, त्याला धड २ नेही भाग जात नाही. पण इथे एक खरी गंमत आहे. ३० × १२ = ३६० ला १ ते १० मधल्या फक्त ७ ने भाग जात नाही. वर्तुळाचे ३६० अंश सोयीचे वाटतात ते याचमुळे. नेमका तोच राहिलेला ७ आठवड्याने पुरवला. गुपित ते एवढंच.

राहिले रामानुजन. त्यांना यात ओढलंय, पण अगदीच हवेतून नाही. आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये मोठा निबंध लिहिला. ४८ विभाजकांची २५२० त्यांतलीच एक. त्यांनी अशा संख्यांचा भलामोठा तक्ता हाताने केला आणि त्यात एक संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००. मला २५२० पेक्षा हीच जास्त आवडते. तिचे अवयव पाडले तर २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोनदा, मग ११, १३, १७, १९ एकेकदा. विभाजक मोजायचे तर प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा: ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २ = ५०४०.

बरोबर २५२० ची दुप्पट. हे कुठे बोलू नका, नाहीतर नवा मेसेज निघेल.