गडगा जमिनीला, यंत्र जगाला

कोकणातला माणूस कागदपत्रांच्या बाबतीत निष्काळजी असतो, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पणजोबांच्या काळचा फेरफार, आजोबांनी लिहून घेतलेले वाटणीपत्र आणि दरवर्षी नव्याने काढलेला सातबारा तो पत्र्याच्या ट्रंकेत जपतो आणि चुलत्याने गडगा वीतभर पुढे सरकवला, तर दोन पिढ्या कोर्टाच्या तारखा घेतो. तेव्हा आपण एखादा शोध लावला असेल, तर ही सारी दक्षता जमिनीपुरती राखून ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे. शोधाच्या हद्दीवर माड लावता येत नाही. मग त्याच्यासाठी भांडायचे तरी कशाला?

समजा, आपण ओले काजू सोलण्याचे यंत्र तयार केले आहे. शिमग्याच्या सुमारास काजूगरांच्या उसळीचे कौतुक ज्यांनी केवळ ताटावर बसून केले, त्यांना या यंत्राचे मोल कळायचे नाही. कोवळी बी चिरताना निघणाऱ्या चिकाने बोटांची साल जाते, आणि हाताला खोबरेल लावून घरातल्या बायका तासन्‌तास तेच काम करत बसतात. आपण परसात खटपट करून, गर न तुटता आणि चीक हाताला न लागता बी उघडेल अशी पात्याची रचना बसवली. आता पहिले काम म्हणजे तिचा व्हिडिओ काढून वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे. पात्याचा कोन जवळून दाखवावा, स्प्रिंग कुठून आणली तेही सांगावे. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार पेटंट, म्हणजे शोधावरचा ठरावीक मुदतीचा एकाधिकार, मिळायचा तर शोध नवा असावा लागतो, आणि अर्ज दाखल होण्यापूर्वी तो जगापुढे आला की सामान्यतः हे नवेपण संपते. म्हणजे जे काम करायला प्रतिस्पर्ध्याला वकील लावावा लागला असता, ते आपण मोबाइलवर फुकटात उरकतो.

त्यानंतर तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यावा. प्रदर्शनात मांडलेल्या शोधाला कायदा सवलत देतो, असे एखादा शहाणा सांगेल, आणि ते खोटेही नाही. मात्र ती सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना मिळते, शिवाय त्यानंतर १२ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. एका टोकाला मालवणी खाजा आणि दुसऱ्या टोकाला रात्रीच्या दशावताराचा मांडव असलेल्या आपल्या प्रदर्शनाची दखल राजपत्राने घेतली आहे का, हे विचारून आयोजकांचा विरस करू नये. स्टॉलवर कोणी परगावचा पाहुणा खिशातून टेप काढून मापे घेऊ लागला, तर त्याला सोलकढी द्यावी आणि टेपचे दुसरे टोक आपण धरावे. पाहुणचारात आपण कधी कमी पडलो नाही.

एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये सुटे भाग बनवून घ्यायचे, तिथे गोपनीयतेच्या कराराचा विषय काढणे हा निव्वळ उद्धटपणा होय. ‘तो आपलोच माणूस’ हे वाक्य कोणत्याही स्टॅम्पपेपरपेक्षा भारी असते. व्यावसायिक गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, सारी भिस्त करारावरच असते, असे वकील म्हणतात. पण वकिलांना माणसे जोडायची नसतात.

सर्वांत सांभाळायचे ते पेटंटच्या तात्पुरत्या अर्जापासून. व्यक्तीला तो १,६०० रुपयांच्या सरकारी शुल्कात ऑनलाइन करता येतो, त्याने शोधाची तारीख पक्की होते आणि संपूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. हंगामाच्या पहिल्या हापूसच्या पेटीला याहून अधिक पैसे मोजणारा गृहस्थ इथे मात्र ‘आधी धंदा चालतो का ते बघू’ असे म्हणतो, आणि ते अगदी योग्य आहे. धंदा चालतो की नाही, हे दुसऱ्याने चालवून दाखवल्यावरच नीट कळते. फारच रुखरुख लागली, तर आराखडे पाकिटात घालून स्पीड पोस्टाने स्वतःलाच पाठवावेत. या पाकिटाने पेटंटचा हक्क मिळत नाही, पण पोस्टमनची ओळख वाढते.

लिहून ठेवण्याच्या खोडीचेही दुष्परिणाम पाहा. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये तिथल्या पेटंट कार्यालयाला ते दावे फेटाळावे लागले. पूर्वजांनी लिहिले नसते, तर एवढी यातायात झाली असती का? आपण तरी प्रयोगांची वही ठेवू नये.

नावाचे काम सोपे आहे. यंत्राला ‘काजू सोलणी’ असेच नाव द्यावे. केवळ मालाचे वर्णन करणाऱ्या नावाला ट्रेडमार्कची नोंदणी सहसा मिळत नाही, त्यामुळे ४,५०० रुपये आणि दर १० वर्षांनी नूतनीकरणाचा ताप दोन्ही वाचतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्या पेटीलाही ते आपोआप लागले, असे बागायतदाराने समजावे. अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करणारे लोक मुळात संशयी.

एवढे करूनही कोणाच्या तरी आग्रहाखातर आपण वेळेत अर्ज केलाच, तर शेवटचा उपाय आपल्या रक्तातच आहे: पेटंट सामाईक ठेवावे. भाऊ वाईट वाटून घेईल, मुंबईचा काका ‘मी पैसे दिले होते’ म्हणेल, म्हणून सर्वांची नावे घालावीत. कायद्याने प्रत्येक सहमालकाला समान अविभक्त हिस्सा मिळतो. वेगळा करार नसेल, तर त्यातला कोणीही इतरांना हिशेब न देता यंत्र बनवून विकू शकतो, पण परवाना द्यायचा किंवा हिस्सा दुसऱ्याच्या नावे करायचा म्हटले की सगळ्यांची संमती लागते. एक काका फोन उचलत नाही, दुसऱ्याला गणपतीत समोरासमोर बोलायचे असते, आणि परवाना मागायला आलेला कारखानदार तोवर निघून जातो. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, आणि ते जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून शुल्क भरावे लागते. ते कोणी भरायचे यावर एकमत होईपर्यंत पेटंट गळून पडते आणि कुटुंबातला सलोखा टिकतो.

पुढे एखाद्या हंगामात तेच पाते आणि तीच स्प्रिंग असलेले यंत्र, झकास रंग देऊन, परराज्यातल्या कंपनीच्या नावाने बाजारपेठेतल्या दुकानात दिसेल. दुकानदाराशी हुज्जत घालू नये. यंत्र उत्तम असल्याची खात्री आपल्याइतकी कोणालाच नसल्यामुळे एक विकत घ्यावे आणि पावती मात्र ट्रंकेत सातबाऱ्याच्या शेजारी जपून ठेवावी. पाते बदलून घ्यायचे झाल्यास ती दाखवावी लागते.