गुणवत्ता कक्षाची सूत्रं हाती घेताना

अभिनंदन! संस्थेच्या गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकपदी तुमची नेमणूक झाली. आता मुलं शिकतात की नाही या फंदात पडू नका. शिकल्याचा तक्ता तयार आहे ना, एवढंच बघा.

आधी भिंतीवर गुणवत्ता-व्यवस्थापनाचे अमेरिकन गुरू एडवर्ड्स डेमिंग यांचा फोटो लावा. फक्त फोटो, त्यांची १४ सूत्रं नकोत. दर्जासाठी सरसकट तपासणीवर विसंबू नका, माणसांच्या मनातली भीती घालवा, आकड्यांचे कोटे बंद करा, असलं काहीबाही त्यात आहे. शिक्षकांच्या हाती लागलं तर पंचाईत.

मग सिक्स सिग्मा आणा. मोटोरोलानं १९८६ मध्ये कारखान्यातले दोष कमी करायला काढलेली ही पद्धत. चूक होण्याच्या दहा लाख संधींमागे दोष जेमतेम ३.४. वर्गात ६० मुलं, वर्षाचे २०० दिवस, म्हणजे १२,००० संधी. हिशेब केलात तर वर्षभरात एका मुलाच्या पंचविसाव्या भागाला एकदा खिडकीबाहेर बघायची मुभा मिळते. कुठला भाग, ते समितीला ठरवू द्या.

विद्यार्थ्याला ग्राहक म्हणा. कच्चा माल तोच, पक्का माल तोच आणि निम्मी मेहनतही त्याचीच, हे मात्र त्याला कळू देऊ नका. उद्या पगार मागेल.

फीडबॅक फॉर्मवर शिक्षकाला ४.२ गुण पडले तर शाल-श्रीफळ, ४.१ पडले तर मेमो. इथे कुणीतरी आगाऊ माणूस डेमिंगचा मण्यांचा खेळ काढेल. पेटीत ३,२०० पांढरे मणी, ८०० लाल. ५० खळग्यांची पट्टी बुडवायची, वर काढायची. लाल मणी म्हणजे दोष. ज्याच्या पट्टीत लाल कमी त्याची पाठ थोपटायची, ज्याच्या जास्त त्याची खरडपट्टी. पट्टी बुडवणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, दोष पेटीतच भरलेला असतो, हे दाखवायला डेमिंग हा खेळ घेत. तुम्ही शांतपणे म्हणा, ‘छान! पुढच्या वेळी लाल मणी कमी काढा.’ आणि पेटी कुणी भरली हा विषय बैठकीच्या इतिवृत्तात येऊ देऊ नका.

ऑडिटच्या दिवशी एखाद्या वर्गात गडबड सापडेलच. नियोजनात दशांश अपूर्णांक, फळ्यावर मात्र अजून साधेच. बाईंना कारण विचारा. ‘मुलांना कळलं नव्हतं, म्हणून पुन्हा घेतलं,’ असं त्या म्हणतील. फॉर्मवरची कारणांची यादी वरपासून खालपर्यंत नीट बघा. हे कारण तिथे नाही. ‘इतर’वर खूण करा.