डॉ. किंग यांच्या जयंतीला फूड बँकेत जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो

जानेवारीचा तिसरा सोमवार जवळ आला की आमच्या फिलाडेल्फियाच्या मराठी ग्रुपवर विचारणा सुरू होते : गरजूंना मोफत अन्नधान्य देणाऱ्या फूड बँकेत मदतीला कोण कोण येतंय, मुलांना शाळेसाठी समाजसेवेचे तास मिळतील का? कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी इथे अमेरिकेत १९८६ पासून आहे. १९९४ च्या कायद्याने तो सेवेचा दिवस झाला. हा कायदा पुढे रेटणाऱ्यांत खासदार जॉन लुईस होते. १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात, पोलिसांच्या मारहाणीत त्यांची कवटी फुटली होती. अशा माणसाने मागून घेतलेल्या दिवसाला कुणी नुसता देखावा म्हटलं तर मला ते पटत नाही.

तरीही मला वाटतं, नुसती धान्याची खोकी भरून घरी येणं पुरेसं नाही. डॉ. किंग गेले तेव्हा ते काय करत होते, हे मुलांना त्याच दिवशी सांगायला हवं.

१ फेब्रुवारी १९६८. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार आडोशासाठी कचऱ्याच्या गाडीत मागे शिरले. कचरा दाबणारं यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघे चिरडून मेले. काही दिवसांतच सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. दिवसभर राबूनही घर चालत नव्हतं, आणि शहर त्यांची युनियन मानायला तयार नव्हतं. त्यांच्या हातातल्या फलकांवर एवढंच लिहिलेलं असे : मी माणूस आहे. डॉ. किंग या लोकांसाठी मेम्फिसला आले होते. ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घातली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शहराने युनियनही मानली आणि पगारवाढही दिली.

म्हणजे त्यांचा शेवटचा लढा मजुरीचा होता! फूड बँकेच्या रांगेत कामाच्या गणवेशातच आलेली माणसं दिसतात तेव्हा मला हे हटकून आठवतं. नोकरी आहे, तरी महिनाअखेरीला डाळ-तांदूळ मागून न्यावे लागतात. इथलं केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच.

आमच्याच शहरातलं गिरार्ड कॉलेज घ्या. नाव कॉलेज असलं तरी ती शाळा आहे. या दिवशी तिथे सेवेसाठी प्रचंड गर्दी होते. संस्थापकाच्या मृत्युपत्रानुसार ही शाळा फक्त गोऱ्या अनाथ मुलांसाठी होती. १९६५ मध्ये तिच्या दगडी भिंतीबाहेर महिनोन्महिने निदर्शनं चालली, डॉ. किंग तिथे येऊन बोलले, आणि १९६८ मध्ये पहिली कृष्णवर्णीय मुलं आत गेली. सेवा म्हणून आत रंगकाम करणाऱ्या आपल्या पोरांना ती भिंत कुणीतरी दाखवायला हवी ना?

आपल्याकडे बाबासाहेबांच्या जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. मिरवणुकीइतकाच मान या अभ्यासाला आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. तेवढं नाही, पण खोकी भरून झाल्यावर तासभर तरी आपण बसूया. मेम्फिसची गोष्ट वाचू, आपल्या राज्यातल्या किमान वेतनाची माहिती काढू आणि मुलांकडून आपल्या लोकप्रतिनिधीला एक पत्र लिहून घेऊ. कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. जागा आणि चहा माझ्याकडे.