‘सूर्यास्त नंतर टाकू’ हा सल्ला ऐकू नका
लग्नसराई आली की फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘प्री-वेडिंग शूट भर दुपारी उरका, आकाश नंतर बदला. एका क्लिकचं काम आहे, कुणाला कळत नाही, आणि आता सगळेच करतात.’ मग कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जोडपी बाराच्या उन्हात हजर होतात आणि म्हणतात, “आत्ताच करूया की, सूर्यास्त मागनं टाका!”

‘भर दुपारी उरका’ इथंच सगळं बिघडतं. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. डोळ्यांखाली काळं पडतं, नथीची सावली सरळ खाली ओठांवर उतरते. मावळतीचं ऊन आडवं आणि तांबूस असतं, सावल्या लांबतात. मागं कितीही केशरी आकाश लावा, ओठांवरची ती सावली दुपारच सांगत राहते. सॉफ्टवेअर चेहऱ्यावर केशरी छटा चढवतं, सावलीची दिशा फिरवत नाही.

‘एका क्लिकचं काम’ म्हणणाऱ्यानं पाण्याकाठचा फोटो कधी केलेला नसावा. फोटोशॉपमध्ये २०२० पासून आकाश बदलायची सोय आहे आणि इमारतीच्या सरळ कडेला ती छान चालते. झाडाची पानं, उडणारे केस, जाळीची ओढणी आली की कडेला पांढरी किनार उरते. मग ब्रश घेऊन मास्क, म्हणजे आकाश कुठं बदलायचं आणि कुठं नाही हे ठरवणारा थर, हातानं दुरुस्त करायचा. शिवाय ती सोय बदलते फक्त वरचं आकाश. खाली रंकाळ्याचं पाणी दुपारचंच राहतं. तेच आकाश उलटं करून पाण्यावर बसवायचं, लाटांप्रमाणे मोडायचं, उन्हाळ्यात पाणी उतरून तलावातला दगडी संध्यामठ दिसत असेल तर त्याच्या प्रतिबिंबाभोवती पुन्हा मास्क करायचा. याला वेळ लागतो आणि सराईत नजरही लागते.

‘कुणाला कळत नाही’? रोज संध्याकाळी चौपाटीवर बसणाऱ्या माणसाला सूर्य कुठं बुडतो हे ठाऊक असतं. त्यात पुन्हा तयार आकाशं तीच ती, एकाच गल्लीतल्या दोन अल्बमांत तेच ढग दिसतात.

‘सगळेच करतात’ हे अर्धं खरं. फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकातच समुद्र आणि आकाशाच्या वेगळ्या निगेटिव्ह जोडून छापत होता, कारण तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवरून छापलेल्या फोटोत आकाश पांढरं फटक यायचं. माझाही या तंत्राला विरोध नाही. पन्हाळ्यावर ढगाळ दिवशी काढलेल्या फोटोत सपाट पांढऱ्या आकाशाऐवजी ढगांचं आकाश छान बसतं, कारण ऊन मुळातच मऊ असतं. तेही गिऱ्हाइकाला सांगूनच करावं. बातमीच्या फोटोत मात्र अजिबात नको. पंचगंगेच्या पुराच्या फोटोवर काळे ढग चढवून पाठवले, तर २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेली नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसं रातोरात घर आवरायला घेतील.

मेमध्ये कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. जोडप्याला साडेपाचला बोलवा, तासभर मऊ उन्हात काम करा आणि शेवटची वीस मिनिटं पाण्याकडे तोंड करून थांबा.